‘डिफॉल्टर’ : क्षयरोग, रोजी आणि अर्धवट राहिलेले उपचार

आमच्या मुमानींच्या पत्र्याच्या पेटीत रेशनकार्ड, लाईटची बिले आणि निकाहनामे यांच्याबरोबर दवाखान्याची दोन जुनी कार्डे आहेत. एक आमच्या मामूंचे, १९६७ सालचे. दुसरे त्यांच्या थोरल्या मुलाचे, २००१ सालचे. दोघांचा आजार एकच, छातीचा क्षय. दोघेही विणकर. मामूंच्या कार्डावर शेवटची नोंद उपचार पुरे झाल्याची आहे. त्यानंतर ते पंचवीस वर्षांहून अधिक जगले. मुलाच्या कार्डावर आडवी रेघ मारून इंग्रजीत एकच शब्द लिहिला आहे, ‘डिफॉल्टर’. २००३ मध्ये तो वारला तेव्हा अडतीस वर्षांचा होता.

मय्यतीला जमलेल्या माणसांत एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होते, “दवा बराबर घेतली नाही त्याने.” आम्हीही तेच म्हणालो होतो. बापाला दीड वर्ष औषध घ्यावे लागले. मुलाला आठच महिने घ्यायचे होते, त्याहून गुणकारी, आणि तेही फुकट. बाप अंगठेबहाद्दर, मुलगा आठवी शिकलेला. मग बापाला जे जमले ते मुलाला का जमू नये? हा प्रश्न मनात घेऊन आम्ही क्षयाच्या उपचारांचा इतिहास वाचू लागलो. वाचता वाचता लक्षात आले की दफनाच्या दिवशी आम्ही जे बोललो ते अर्धेच खरे होते.

आपल्याकडे या आजाराला नावे पुष्कळ. ग्रंथांतला राजयक्ष्मा, बोलण्यातला क्षय, मोहल्ल्यातला तपेदिक, हकिमांचे ‘दिक’ आणि ‘सिल’. इब्ने सीनाने अकराव्या शतकात आपल्या ‘अल्-कानून’मध्ये हा आजार एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा म्हणून गणला होता. युरोपातल्या वैद्यांना हे पटायला फार वेळ लागला. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले आणि वाद मिटला. पण जंतू सापडला म्हणून औषध सापडले नाही. त्याला आणखी साठ वर्षे लागली. तोवर उपचार म्हणजे मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध आणि अंडी. अजमेरजवळ तिलोनियाला १९०६ मध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांनी देशातले पहिले आरोग्यधाम काढले. आपल्या बाजूला पाचगणीत डॉ. बिलिमोरियांचे ‘बेल-एअर’ आणि मिरजेजवळ वानलेसवाडीचे क्षयरुग्णालय नावाजले गेले. तिथे अनेकांना आराम पडला यात शंका नाही. पण वर्षभर न कमावता ज्याच्या घरची चूल पेटत राहील त्यालाच ही मोकळी हवा परवडणार होती.

गिरणीत राबणाऱ्याच्या वाट्याला चाळीतली खोली होती. १९३१ च्या खानेसुमारीत मुंबईतले सुमारे तीन-चतुर्थांश लोक एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत असल्याची नोंद आहे. मदनपुरा, नागपाडा, भायखळा, परळ या भागांत एकेका खोलीत दोन-तीन पाळ्यांची माणसे आळीपाळीने झोपत. अंथरूण थंड होत नसे म्हणतात. शिवाय विणखात्यातली एक रीत होती. धोट्यातली कांडी बदलली की नवे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. पाळी बदलली की त्याच धोट्याला दुसऱ्याचे ओठ लागत. याच कारणावरून स्पृश्य कामगार दलितांना विणखात्यात येऊ देत नसत. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न जाहीरपणे उचलला. त्या खात्यात मराठे होते, तसे आपले लोकही पुष्कळ होते. क्षय मुख्यतः खोकल्याबरोबर हवेतून पसरतो. धोट्याला सगळा दोष देता येणार नाही. पण उष्ट्याच्या विटाळाची एवढी फिकीर करणाऱ्यांनी आणि ते पाहून न पाहिल्यासारखे करणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्या उष्ट्यातून जाणाऱ्या आजाराची मात्र कधी फिकीर केली नाही.

१९४३-४४ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन आले, मागोमाग पास, आणि १९५२ मध्ये आयसोनिआझिड ही स्वस्त गोळी. आता क्षय बरा होऊ लागला. पण देशात रुग्ण लाखोंनी आणि खाटा काही हजार. गरीब माणसाला त्याच्या घरी ठेवून, त्याच दाटीत, त्याच अपुऱ्या अन्नावर, नुसत्या गोळ्यांनी बरे करता येईल का? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून ते उभारले आणि वॉलेस फॉक्स नावाचे इंग्रज डॉक्टर तिथे प्रमुख म्हणून आले.

त्यांनी शहराच्या गरीब वस्तीतले १९३ रुग्ण घेतले. चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्याला घरी. औषध दोघांना एकच, वर्षभर. आरोग्यधामातल्यांना चांगले जेवण, विश्रांती, हवेशीर वॉर्ड. घरी असलेल्यांना त्यांचे नेहमीचेच जगणे. १९५९ मध्ये निष्कर्ष छापून आले. वर्षअखेर आरोग्यधामातले शंभरांत ९२ आणि घरी राहिलेले शंभरांत ८६ जण जंतुमुक्त झाले होते. घरच्या माणसांना अधिक लागण झाली का, हेही पुढे पाच वर्षे तपासले गेले. तसे आढळले नाही. जगभरची आरोग्यधामे ओस पडायला ज्या गोष्टी कारण झाल्या त्यांत मद्रासच्या या प्रयोगाचे नाव मोठे आहे.

पण या यशाच्या पोटात एक गोष्ट होती आणि ती फॉक्सने स्वतःच ओळखली होती. केंद्राची माणसे रुग्णाच्या घरी न सांगता जाऊन गोळ्या मोजत, लघवी तपासून औषध पोटात गेले की नाही ते पाहत. एवढी नजर असूनही सगळे जण नियमाने औषध घेत नव्हते. १९५८ मध्येच त्यांनी एक लेख लिहून सांगितले की रुग्णाने स्वतःच्या हाताने महिनोन्‌महिने औषध घेत राहणे हाच या उपचाराचा कच्चा दुवा आहे. मग समोर बसवून औषध द्यायची कल्पना पुढे आली. आठवड्यातून दोनदा डोस देऊनही भागते, हेही मद्रासनेच १९६४ मध्ये दाखवले. पुढे ‘डॉट्स’ म्हणून जे जगभर गाजले त्याचे बी इथले आहे.

याच सुमारास बंगलोरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेत एक वेगळे काम झाले. ते आम्हाला मद्रासइतकेच मोलाचे वाटते, पण लोकांना फारसे ठाऊक नाही. डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन हे दोघे तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत गेले आणि क्षय झालेल्या माणसांना त्यांनी साधे प्रश्न विचारले. तुम्हाला काही होते आहे असे वाटते का? काळजी वाटते का? त्यासाठी काय केले? १९६३ मध्ये त्यांनी जे छापले ते डॉक्टर मंडळींच्या समजुतीच्या उलट होते. बहुतेक सगळ्यांना आपल्या आजाराची जाणीव होती. निम्म्याहून अधिक माणसे आपण होऊन कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात जाऊनही आली होती. तिथे त्यांना खोकल्याची बाटली देऊन परत पाठवले गेले होते.

खेडूत अडाणी असतो, त्याला रोगाची समज नसते, म्हणून तो उपचार घेत नाही, हे वाक्य आपण किती वर्षे ऐकत आलो! आपल्या समाजाबद्दल तर ते आणखी ठसक्यात बोलले जाते, आणि बोलणाऱ्यांत आपलेच शिकलेले लोक पुढे असतात. तुमकूरच्या शेतकऱ्याने १९६३ मध्येच त्याला उत्तर देऊन ठेवले आहे. तो दाराशी आला होता.

१९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. जिल्ह्याजिल्ह्यांत थुंकीची तपासणी, मोफत औषध, बारा ते अठरा महिन्यांचा उपचार. मामू या काळातले रुग्ण. साताऱ्याकडून मुंबईत येऊन ते एका गिरणीत साचेवाले झाले होते. त्यांना रक्त पडले तेव्हा गिरणीच्या कामगारासाठी विमा दवाखाना होता. १९४८ चा कायदा, त्यातून १९५२ मध्ये सुरू झालेली कामगार राज्य विमा योजना. इतर आजारांना मोजक्या दिवसांची रजा. क्षयासारख्या लांबणाऱ्या आजारांना मात्र ती वाढवून मिळे. पगाराच्या निम्म्याच्या आसपास पैसे घरी येत. आणि मुख्य म्हणजे आजारपणाचा भत्ता चालू असेतोवर मालकाला कामगाराला काढून टाकता येत नसे, तसे कायद्यातच लिहिलेले होते. मुमानी सांगतात, पहिले तीन महिने मामू रोज सकाळी सुई घ्यायला जात, परत येऊन खिडकीशी बसत आणि मुलांना जवळ येऊ देत नसत. घरात तंगी होती. दागिने गहाण पडले. पण चूल विझली नाही, आणि दीड वर्षाने मामू पुन्हा साच्यावर उभे राहिले, आपल्याच साच्यावर.

मामू काही फार शिस्तीचे होते असे नाही. गोळ्यांनी मळमळते म्हणून ते चिडत, एकदा त्यांनी गोळ्या खिडकीतून फेकल्याही होत्या. फरक एवढाच की गोळ्या फेकून द्याव्यात असे वाटणाऱ्या माणसाला त्या दिवशी कामावर पळायची घाई नव्हती. दुसऱ्या दिवशी मुमानी त्यांना पुन्हा दवाखान्यात घेऊन गेल्या.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याची कहाणी इथे पुन्हा सांगत नाही. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते आणि त्यांतले पुष्कळ परत कामावर गेलेच नाहीत. कापड मात्र विणले जातच राहिले. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर विणले जाऊ लागले. हे माग संपाच्या आधीपासून होते, नंतर त्यांची भरभराट झाली. विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा कामगार झाले की तेव्हा कारखाना कायदा आणि विमा योजना लागू होत असे. म्हणून एकाच छपराखाली भिंती घालून, वेगवेगळ्या नावांनी, सहा-आठ मागांचे कारखाने दाखवले गेले. मालक बहुतेक आपलेच, कामगारही बहुतेक आपलेच, आणि उत्तर प्रदेश-बिहारहून आलेले भाऊ. बारा तासांची पाळी, जितके मीटर तितकी मजुरी. हजेरीपट नाही, रजा नाही, विमा कार्ड नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने देशभरच्या मुसलमान कामगारांबद्दल हेच आकड्यांत मांडले. लेखी करार आणि सामाजिक सुरक्षितता नसलेल्यांत त्यांचे प्रमाण इतरांहून अधिक होते. म्हणजे ज्या धंद्यात क्षय आधीपासून घर करून होता तो धंदा तसाच राहिला. त्या धंद्याला १९५० च्या दशकात जे कुंपण मिळाले होते तेवढे निघून गेले.

आमचा मामेभाऊ आजारी पडला तो या काळात. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या थुंकीत जंतू सापडले. तोवर रिफॅम्पिसिन आले होते, उपचार सहा-आठ महिन्यांवर उतरला होता. एका सरकारी दवाखान्यातून त्याला औषध मिळू लागले. दोन महिन्यांत खोकला गेला, वजन वाढले. मग ६ डिसेंबर उजाडला. दवाखाना रस्त्याच्या पलीकडे होता. तो रस्ता त्याने डिसेंबरात काही दिवस आणि जानेवारीत अनेक दिवस ओलांडला नाही, आणि ज्यांना ते दिवस आठवतात त्यांना कारण सांगायची गरज नाही. मार्चमध्ये मामूंनी खोली विकून बिऱ्हाड भिवंडीला नेले. त्या दंगलीत भिवंडी शांत राहिली होती, म्हणून मुंबईतले कितीतरी जण तिकडे आणि मुंब्र्याला गेले. कागदपत्रे मागे राहिली. भिवंडीत तो मागावर उभा राहिला. अंगात ताकद वाटत होती, औषध सुटले ते सुटलेच.

तीन वर्षांनी खोकला परत आला. या खेपेला तो घराजवळच्या एका खाजगी डॉक्टरकडे गेला. का गेला, हे विचारणे सोपे आहे. तो दवाखाना रात्री अकरापर्यंत उघडा असे, डॉक्टर नावाने ओळखत, आणि मोहल्ल्यात बोभाटा होत नसे. औषध विकत घ्यायचे होते. खिशात पैसे असतील तर आठ दिवसांचे, नसतील तर चार दिवसांचे. चारांपैकी महाग गोळी गाळून बाकीच्या घ्यायच्या, असेही चाले. डॉक्टर तरी काय लिहून देत होते? १९९१ मध्ये मुकुंद उपलेकर आणि शेपर्ड यांनी धारावीच्या शंभर खाजगी डॉक्टरांना क्षयाचा उपचार लिहायला सांगितला होता. शंभर डॉक्टरांनी ऐंशी निरनिराळे उपचार लिहिले. वीस वर्षांनी, २०१० मध्ये, झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत पुन्हा तसाच प्रयोग केला. १०६ डॉक्टरांकडून ६३ उपचार आले आणि बरोबर लिहिणारे सहा निघाले. रुग्णाने औषध अर्धवट सोडले की तो बेफिकीर. डॉक्टरने औषध अर्धवट लिहिले तर त्याला कुठल्याच कार्डावर शब्द नाही.

सरकारचेही डोळे या काळात उघडत होते. १९९२ मध्ये जुन्या कार्यक्रमाची पाहणी झाली तेव्हा उपचार पुरे करणारे रुग्ण निम्म्याहूनही कमी निघाले. १९९३ पासून ठिकठिकाणी प्रयोग करून १९९७ मध्ये सुधारित कार्यक्रम सुरू झाला आणि मार्च २००६ पर्यंत तो देशभर पोहोचला. मद्रासचे बी आता झाड झाले होते. रुग्णाच्या नावाची पूर्ण औषधांची पेटी, आठवड्यातून तीन दिवस केंद्रावर येऊन समोर गोळ्या घेणे. या कार्यक्रमाने लाखो माणसे वाचवली, हे आधी सांगितले पाहिजे. औषध संपले म्हणून रुग्ण परत पाठवायचा, हा जुना प्रकार पेटीमुळे बंद झाला.

पण पंच्याऐंशी टक्के रुग्ण बरे झालेच पाहिजेत असे लक्ष्य ठरले होते, आणि लक्ष्याचा एक परिणाम दिल्लीतल्या अभ्यासकांनी २००२ मध्ये दाखवून दिला. जो टिकणार नाही असे वाटे त्याला, बेघराला, हंगामी मजुराला, पत्ता नसलेल्याला, काही कर्मचारी या उपचारात घेतच नसत. घेतला आणि तो निघून गेला तर टक्का घसरे. ज्याला सर्वांत जास्त गरज तोच दाराबाहेर. आणि घेतला तरी केंद्राच्या वेळा ठरलेल्या. मामेभावाला २००१ मध्ये घेतले, पुन्हा आजारी पडलेल्यांच्या गटात. आठ महिन्यांचा उपचार, पहिले दोन महिने सुया. केंद्र सकाळी नऊला उघडे. रात्रपाळी आठला सुटे, तेव्हा एक तास पायरीवर पेंगत बसायचे. दिवसपाळी असली तर ती सोडून यायचे, म्हणजे आठवड्यातून तीन अर्धे दिवस मीटर बुडाले. मालकाने दोनदा ऐकून घेतले, तिसऱ्यांदा त्याचे माग दुसऱ्याला दिले. चौथ्या महिन्यात धंदा मंदावला आणि तो कामासाठी मालेगावला गेला. पेटी भिवंडीत राहिली. ती तिकडे पाठवता येत होती, त्यासाठी एक फॉर्म होता. ते त्याला कोणी सांगितले नाही आणि त्यानेही विचारले नाही. सलग दोन महिने गैरहजर राहिला की नियमाने ‘डिफॉल्टर’. हा शब्द आम्ही त्याआधी कर्ज बुडवणाऱ्यासाठीच ऐकला होता.

चेन्नईच्या त्याच संशोधन केंद्रातल्या राजेश्वरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये क्षयरुग्णाच्या घराचा जमाखर्च मांडला. औषध फुकट असले तरी साधारण तीन महिन्यांची कमाई बुडते, कर्ज होते, मुले शाळा सोडून कामाला लागतात. वर्षाला एक लाखावर स्त्रियांना या आजारामुळे घरच्यांनी टाकलेले असते, असा त्यांचा अंदाज होता.

बायकांची गोष्ट आपल्या घरांत आणखी गुंतागुंतीची आहे, आणि तिचा दोष गिरणीमालकावर किंवा सरकारवर टाकता येत नाही. रिश्ता ठरायचा आहे म्हणून मुलीचा खोकला लपवला जातो. सासरी कळले की तिला “आराम करायला” माहेरी पाठवतात, आणि आराम संपत नाही. पुरुषाच्या क्षयात बायको सहा महिने डबा धुते. बायकोच्या क्षयात दुसऱ्या निकाहची बोलणी होतात. अशी उदाहरणे प्रत्येक वाचकाने पाहिली असतील. कितीतरी बायका आपल्या मोहल्ल्यातले केंद्र सोडून दूरच्या केंद्रावर जातात. बुरख्यात ओळख पटत नाही, ही त्यातल्या त्यात सोय. पण आरोग्यसेविका घरी चौकशीला आली की सगळी गल्ली दारात येते, म्हणून बाई पत्ताच चुकीचा देते. कागदावर तीही गैरहजर.

रमजानबद्दलही बोलले पाहिजे. सूरह बकरामध्ये आजारी माणसाला रोज्याची सवलत आहे, नंतर ते रोजे पुरे करण्याची मुभा आहे. यात कुठल्याही मसलकाचा वाद नाही. तरीही महिना सुरू झाला की क्षयाची औषधे बंद करणारे रुग्ण आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांना थांबवणारे कमी. दुसरी गोष्ट त्याहून साधी. रिफॅम्पिसिनने लघवी तांबडी होते. ते रक्त नाही, नुसता औषधाचा रंग, हे पहिल्याच दिवशी न सांगितल्यामुळे घाबरून औषध सोडलेले किती असतील! एका इमामसाहेबांनी जुम्म्याच्या बयानात या दोन गोष्टी सांगितल्या तेव्हा मागच्या सफीतले दोघे जण नमाजनंतर त्यांना येऊन भेटले. आपल्या मशिदींत असे बयान किती होतात?

औषध अर्धवट राहण्याची किंमत २०१२ च्या सुरुवातीला सगळ्यांना दिसली. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी हाताशी असलेल्या कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण नोंदवले. त्या नावावरून सरकारने वाद घातला, पण त्याच वर्षीच्या मे महिन्यात प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद कळवणे खाजगी डॉक्टरांवरही बंधनकारक झाले. २०१७ मध्ये आठवड्यातून तीनदाऐवजी रोजचा डोस आला. मामेभावाला ज्या गटात घातले होते तो सुयांचा आठ महिन्यांचा उपचारही पुढे बंद झाला. त्यापूर्वी २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘डिफॉल्टर’ हा शब्द काढून टाकला होता. त्याच्या जागी ‘पाठपुराव्यातून निसटलेला’ अशा अर्थाची संज्ञा आली. म्हणजे आता निसटू देणाराही वाक्यात आला. पेटीतल्या कार्डावरची रेघ काही त्यामुळे पुसली जात नाही.

आणि मग पुष्कळ उशिरा पोटाची आठवण झाली. मद्रासच्या प्रयोगातून, अन्न अपुरे असले तरी औषध काम करते, एवढे सिद्ध झाले होते. त्याचा अर्थ अन्नाकडे बघायला नको असा लावला गेला. एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत महिन्याला ५०० रुपये मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते १,००० झाले. पैसे बँकेत येतात, म्हणून ज्याचे खाते गावी आणि माग भिवंडीत त्याचे घोटाळे व्हायचे ते होतात. झारखंडमध्ये अनुराग आणि माधवी भार्गव या डॉक्टरांच्या पुढाकाराने सुमारे २,८०० रुग्णांना महिन्याचा शिधा दिला गेला, आणि निम्म्या घरांत तो घरातल्या इतर माणसांनाही दिला. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे नवे क्षयरुग्ण ३९ टक्क्यांनी कमी निघाले. जंतू दिसणारा क्षय तर जवळपास निम्म्यावर आला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन वाढले त्यांच्यातले मृत्यूही बरेच कमी. तांदूळ, डाळ, दूध पावडर आणि तेल, एवढाच तो शिधा होता. सरकारने २०२५ पर्यंत क्षय हटवायचे ठरवले होते. ते साल येऊन गेले. जगातल्या दर चार क्षयरुग्णांत साधारण एक आपल्या देशातला आहे.

बुडालेल्या मजुरीचे काय, हा प्रश्न मात्र जिथे होता तिथेच आहे. मामूंना १९६७ मध्ये जे मिळाले ते यंत्रमागावरच्या माणसाला आजही मिळत नाही. आपल्यातल्या मालकांनी मनावर घेतले तर सहा महिने एकाचे माग राखून ठेवणे अशक्य नाही, असे आम्ही भिवंडीतल्या एका सभेत म्हणालो. समोरच्या रांगेत दोघे-तिघे मालक बसले होते, जकात नियमाने देणारे. त्यांनी मान डोलावली आणि मंदीचा विषय काढला.

मामेभाऊ गेल्यावर त्याच गल्लीत एका हॉटेलवाल्याने केंद्राकडून चार रुग्णांच्या पेट्या आपल्याकडे मागून घेतल्या. नियमात तशी सोय होती. घरचा नसलेला कोणीही जबाबदार माणूस औषध देऊ शकत असे. पेट्या गल्ल्यामागच्या फळीवर, चहापत्तीच्या डब्याशेजारी. हॉटेल फज्रच्या नमाजनंतर उघडे आणि रात्रपाळी सुटली की विणकर चहाला तिथेच येत. गोळ्या घेताना कोणाचे लक्ष जात नसे, तिथे प्रत्येकाच्याच हातात ग्लास असे. रिकाम्या पोटी ओकारी येते म्हणणाऱ्याला तो आधी पाव देई. एक जण दोन दिवस दिसला नाही तेव्हा त्याने पोऱ्याला कारखान्यात पाठवून बोलावून घेतले. चारही जणांचा उपचार पुरा झाला. चहा-पावाचे पैसे तो वहीत मांडून ठेवी. दोघांनी दिले, दोघांचे अजून यायचे आहेत.